पसरलेला उजेड



मागे एकदा आकाशाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर माझ्या भाच्याचा निरोप आला. "आत्या, फोटोत देवयानी दीर्घिका केवढी झगमगते! मग आमच्या गच्चीवरून दुर्बिणीतून ती धुराच्या पुंजक्यासारखी का दिसते? दुर्बीण बिघडली असेल का?" दुर्बीण बिघडलेली नाही, एवढे उत्तर मी त्याला लगेच दिले. पण 'का' या शब्दाचे उत्तर शोधताना एक मोठा इतिहास हाती लागला. तो इथे मांडते.

आधीच सांगून ठेवते की शास्त्र हा काही माझा विषय नाही. बी.ए. मराठी माध्यमातून केले आणि पुढे नोकरीभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे या नोंदीत गणित कमी आणि इतिहास जास्त असणार. जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

सुरुवात देवयानीच्या दोन शेजारणींपासून करू. देवयानी म्हणजे आपल्या आकाशगंगेची थोरली शेजारीण, सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर. तिच्या अंगाखांद्यावर दोन लहान दीर्घिका आहेत. एकीचे नाव एम ३२, दुसरीचे एम ११०. दोघींचा एकूण उजेड जवळजवळ सारखा, साधारण आठव्या प्रतीचा. मग दोघी सारख्याच सहज दिसायला हव्यात, नाही का? पण तसे घडले नाही. एम ३२ फ्रान्सच्या ल जाँती यांना १७४९ साली दिसली. (हे तेच ल जाँती, जे पुढे शुक्राचे अधिक्रमण पाहायला हिंदुस्थानाकडे निघाले. १७६१ चे अधिक्रमण युद्धामुळे जहाजावरच गेले. १७६९ चे पाहण्यासाठी ते पुदुचेरीला थांबून राहिले, तर ऐन वेळी ढग आले! बिचारे.) एम ११० मात्र शार्ल मेसिए यांना दिसली ती १७७३ साली, म्हणजे चोवीस वर्षांनी. त्यांनी ती चित्रात काढली, पण आपल्या प्रसिद्ध यादीत घातलीच नाही. १७८३ मध्ये कॅरोलिन हर्शेल यांना ती स्वतंत्रपणे सापडली. यादीतला ११० हा क्रमांक तिला मिळाला थेट १९६७ साली.

एकीला लवकर मान मिळाला आणि दुसरीला इतका उशीर, असे का झाले? तर एम ३२ चा उजेड एका ठिपक्यात गोळा झालेला आहे आणि एम ११० चा उजेड पसरलेला आहे. ती लांबीरुंदीला साधारण दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळात चौपट-पाचपट भरते. चिमूटभर रांगोळी घ्या. एका जागी टाकली तर पांढराशुभ्र ठिपका उठून दिसेल. तेवढीच चिमूट सगळ्या अंगणभर भुरभुरली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. रांगोळी दोन्ही वेळा तेवढीच आहे. म्हणून एकूण उजेड सांगून भागत नाही, तो किती जागेत आहे तेही सांगावे लागते. याला शास्त्रज्ञ पृष्ठीय तेजस्विता म्हणतात. आपण सोपेपणासाठी 'पृष्ठतेज' म्हणू.

आता हे मोजायचे कसे? ताऱ्यांच्या प्रती ठरवण्याची पद्धत ग्रीकांपासूनची. सगळ्यात ठळक ते पहिल्या प्रतीचे, डोळ्यांना जेमतेम दिसतात ते सहाव्या प्रतीचे. वर्गातल्या नंबरासारखेच आहे हे, आकडा वाढला की तेज कमी. या ढोबळ पद्धतीला नेमके माप दिले नॉर्मन पॉगसन यांनी, १८५६ साली. पाच प्रतींचा फरक म्हणजे उजेडात बरोबर शंभरपट फरक, असे त्यांनी सुचवले. म्हणजे एका प्रतीला साधारण अडीच पट. हे पॉगसन १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत आले आणि १८९१ मध्ये तिथेच वारले. जगभर वापरल्या जाणाऱ्या मापाचा कर्ता तीस वर्षे आपल्या देशात काम करत होता, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवे होते असे मला वाटते. असो.

पृष्ठतेजासाठी आकाशाचे छोटे चौकोन पाडतात. एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला, हे आपल्या पंचांगवाल्यांना ठाऊकच आहे. अडीच सेंटिमीटरचे नाणे पाच किलोमीटरवर धरले तर ते एक विकला रुंद दिसेल. अशा एक विकला लांब आणि एक विकला रुंद चौकोनातून किती प्रतीचा उजेड येतो, ते दीर्घिकेचे त्या जागचे पृष्ठतेज.

या मापाची एक गंमत आहे. दीर्घिका दुप्पट लांब नेली तर तिचा उजेड चौथाई होतो, पण तिने आकाशात व्यापलेली जागाही चौथाई होते. म्हणजे एका चौकोनातला उजेड होता तेवढाच राहतो! चुन्याने रंगवलेली भिंत दुरून लहान दिसते, पण काळवंडत नाही, तसेच हे. म्हणूनच जवळची आणि लांबची दीर्घिका शेजारी ठेवून तुलना करता येते, अंतर नक्की माहीत नसले तरी.

भाच्याच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. देवयानीच्या जवळ जाऊन उभे राहिलो तरी ती मोठी दिसेल, झगझगीत दिसणार नाही. आपण आपल्या आकाशगंगेच्या आतच राहतो, तरी ती आपल्याला फिकट पट्ट्यासारखीच दिसते ना? दुर्बीणही तेच करते. ती जास्त प्रकाश गोळा करते, पण प्रतिमा मोठी करून तो पसरवूनही टाकते. नुसत्या डोळ्यांना असते त्यापेक्षा जास्त पृष्ठतेज कोणतीही दुर्बीण डोळ्यांना देऊ शकत नाही. कॅमेरा मात्र तासन्‌तास प्रकाश साठवतो, म्हणून फोटोत झगमगाट.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे. विश्व प्रसरण पावत असेल तर फार लांबच्या दीर्घिकांचे पृष्ठतेज घटलेच पाहिजे, असे रिचर्ड टोलमन यांनी १९३० मध्ये दाखवले. प्रवासात प्रकाशलहरी दुप्पट ताणली गेली असेल तर पृष्ठतेज सोळापट कमी व्हायला हवे. प्रसरण नसून प्रकाशच वाटेत थकत असेल, तर फक्त दोनपट. लोरी लुबिन आणि ॲलन सँडेज यांनी २००१ मध्ये हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांवरून ही परीक्षा घेतली. ताऱ्यांच्या वयामुळे पडणारा फरक जमेस धरला तर निकाल प्रसरणाच्या बाजूने लागला. चौकोनातला उजेड मोजून एवढा मोठा वाद तपासता येतो!

आता मोजणीच्या इतिहासाकडे वळू. देवयानीचा प्रकाश मध्यापासून कडेपर्यंत कसा कमी होत जातो, हे मोजणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत एक हौशी गृहस्थ होते. जॉन रेनॉल्ड्स, बर्मिंगहॅमचे कारखानदार. त्यांनी १९१३ साली छायाचित्रांच्या काचेवरचा काळेपणा मोजून देवयानीच्या मध्यभागाचा आलेख मांडला. तेव्हा देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची दीर्घिका आहे, हे कोणाला सिद्धही करता आले नव्हते. ते एडविन हबल यांनी दाखवले आणि १९२५ च्या आरंभी जाहीर झाले. हबल यांनी १९३० मध्ये लंबगोल दीर्घिकांसाठी रेनॉल्ड्स यांचेच सूत्र पुढे नेले.

काचेवर मोजणे जिकिरीचे होते. दुप्पट उजेड पडला म्हणजे काच दुप्पट काळी होते असे नाही. त्यामुळे आधी ठाऊक असलेल्या उजेडाचे ठिपके काचेवर उमटवून मापपट्टी तयार करावी लागे. पुढे प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारे उपकरण आले. जोएल स्टेबिन्स आणि आल्बर्ट व्हिटफर्ड यांनी १९३४ मध्ये ते देवयानीवरून सरकवत नेले, तर तिचा व्यास आधी मानला होता त्याच्या जवळजवळ दुप्पट भरला. देवयानी काही वाढली नव्हती. तिची फिकट कड तोवर कुणाच्या मोजणीत आली नव्हती, एवढेच.

मग प्रश्न आलाच, की दीर्घिका संपते कुठे? तिला कुंपण नसते. उजेड कमी कमी होत आकाशात मिसळतो. आणि रात्रीचे आकाश म्हणजे ठार काळोख नव्हे. गावदिव्यांपासून शेकडो मैल दूर गेलात तरी वातावरणाची स्वतःची मंद प्रभा असते, सूर्यमालेतल्या धुळीवरून परतलेला प्रकाश असतो. उत्तम काळोख्या जागी आकाशाचे पृष्ठतेज चौरस विकलेला साधारण २२ प्रत असते. मोठ्या शहरात ते १८ च्या आसपास येते, म्हणजे चाळीसपट उजळ. दीर्घिकेचा उजेड मोजायचा तर आधी हा आकाशाचा उजेड वजा करावा लागतो. दुधाचे वजन करताना भांड्याचे वजन वजा करतो तसे, फक्त इथे भांडे दुधाच्या कितीतरी पट जड!

म्हणून संकेत ठरवावे लागले. स्वीडनचे एरिक होल्मबर्ग यांनी १९५८ मध्ये तीनशे दीर्घिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची कड साडेसव्वीस प्रतीवर होती. फ्रान्समध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत टेक्सासला स्थायिक झालेले जेरार द व्होकुलर यांनी १९४८ मध्ये लंबगोल दीर्घिकांचा प्रकाश कोणत्या नियमाने घटतो ते सूत्रात बांधले होते. अर्जेंटिनाचे होजे लुइस सेर्सिक यांनी १९६३ मध्ये ते सूत्र आणखी व्यापक केले, ते आजही रोज वापरतात. द व्होकुलर आणि त्यांच्या पत्नी आंत्वानेत यांनी १९६४ मध्ये ठळक दीर्घिकांची मोठी सूची काढली. या सूचीच्या परंपरेत निळ्या प्रकाशातली २५ वी प्रत ही कड रूढ झाली. त्या कडेवर आकाश दीर्घिकेच्या कितीतरी पट उजळ असते. जमिनीची हद्द जशी सरकारी नकाशावर आखतात, तशी ही आखलेली हद्द. पीक तिच्या पलीकडेही असते.

आता येते या गोष्टीतले खरे वळण. ऑस्ट्रेलियाचे केन फ्रीमन यांनी १९७० मध्ये तबकडीच्या आकाराच्या ३६ दीर्घिकांची मापे एकत्र मांडली. मधला फुगवटा वगळून तबकडीचे मध्याशी असलेले पृष्ठतेज काढले, तर ३६ पैकी २८ दीर्घिकांत ते जवळजवळ एकच निघाले. निळ्या प्रकाशात २१.६५ प्रत, इकडे तिकडे ०.३ चा फरक. दीर्घिका लहान असो की मोठी, आकडा तोच! निसर्ग सगळ्या तबकड्या एकाच साच्यातून काढतो की काय, असे वाटण्याजोगा हा निकाल. त्याला फ्रीमनचा नियम असे नाव पडले आणि साचा कशामुळे तयार झाला याची कारणे लोक शोधू लागले.

सहा वर्षांनी, १९७६ मध्ये, ब्रिटनचे माइक डिस्नी यांनी 'नेचर' नियतकालिकात एक वेगळाच प्रश्न विचारला. हा साचा दीर्घिकांचा आहे की आपल्या नजरेचा? ज्या दीर्घिकेचा उजेड फार दाटलेला असेल ती फोटोत ताऱ्यासारखी दिसेल आणि आपण तिला तारा समजून सोडून देऊ. ज्या दीर्घिकेचा उजेड फार पसरलेला असेल ती आकाशाच्या उजेडात बुडून जाईल. दोन्ही बाजू गळाल्या की मधल्याच उरणार, आणि त्या सगळ्या सारख्याच दिसणार. डिस्नी यांनी गणित केले, तर सगळ्यात सहज दिसणारे पृष्ठतेज नेमके फ्रीमन यांच्या आकड्याजवळ आले. आर्थर एडिंग्टन यांनी जाळ्याचा एक दाखला दिला होता. दोन इंची भोकांच्या जाळ्याने मासे पकडणारा कोळी म्हणू लागला, की समुद्रात दोन इंचांहून लहान मासाच नाही! हे तसेच.

अर्थात आरोप करणे सोपे, न दिसणारी दीर्घिका दाखवायची कशी? इथे डेव्हिड मॅलिन या छायाचित्रकाराचे कसब कामी आले. ऑस्ट्रेलियातल्या वेधशाळेत काम करताना त्यांनी काचेवरच्या अतिफिकट खुणा ठळक करण्याची रीत बसवली होती. तशा ठळक केलेल्या काचांवर ग्रेग बोथन, क्रिस इम्पी आणि त्यांचे सहकारी कन्या राशीतल्या दीर्घिकासमूहातले फिकट पुंजके तपासत होते. १९८६ मध्ये त्यांतला एक पुंजका विचित्र निघाला. तो त्या समूहातला नव्हताच, त्याच्या वीसपट दूर, सुमारे १२० कोटी प्रकाशवर्षांवर होता. एवढ्या अंतरावरून दिसतो म्हणजे तो बुटका नव्हे, राक्षसच! त्याच्या तबकडीचा विस्तार सहा लाख प्रकाशवर्षांहून अधिक, आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पट. नाव पडले मॅलिन १. तोवर ज्ञात असलेल्या दीर्घिकांतली ही सर्वांत मोठ्यांपैकी एक, आणि ती कुणाला दिसली नव्हती, कारण तिचे तारे अंगणभर भुरभुरलेल्या रांगोळीसारखे विखुरलेले होते.

त्यानंतर काचा गेल्या, १९६९ मध्ये शोध लागलेली सीसीडी चकती दुर्बिणींवर बसली आणि फिकट दीर्घिका शेकड्यांनी सापडू लागल्या. पीटर व्हॅन डोक्कम आणि रॉबर्टो अब्राहम यांनी तर दुकानात मिळणारी, खेळांचे आणि पक्ष्यांचे फोटो काढायची कॅमेऱ्याची मोठी भिंगे एकत्र जोडून दुर्बीण केली. तिचे नाव ड्रॅगनफ्लाय, म्हणजे चतुर. या भिंगांत प्रकाश आतल्या आत फारसा विखुरत नाही, म्हणून फिकट गोष्टी स्वच्छ दिसतात. २०१५ मध्ये त्यांनी अरुंधती केश समूहातल्या ४७ अतिविरळ दीर्घिका जाहीर केल्या. त्यांतल्या मोठ्या आपल्या आकाशगंगेएवढ्या विस्ताराच्या, पण तारे शंभरात एक किंवा हजारात एक. हा समूह खगोलशास्त्रज्ञांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला होता, बरे का!

मग फ्रीमन चुकले आणि डिस्नी जिंकले, असे म्हणायचे का? इतिहासाच्या बाईला असा सरळ निकाल कधीच मिळत नाही. फिकट बाजूला डिस्नी बरोबर ठरले, तिकडे दीर्घिका आहेत आणि पुष्कळ आहेत. पण उजळ बाजूला फ्रीमन यांचा आकडा बराचसा टिकला. त्याहून फार उजळ तबकड्या दिसणे सोपे असूनही त्या क्वचितच सापडतात. म्हणजे तो आकडा साचा नसून वरची मर्यादा आहे. आणि आजवरच्या मोजणीनुसार विश्वातला बहुतेक तारकाप्रकाश येतो तो आपल्यासारख्या नेहमीच्या दीर्घिकांतूनच. फिकट दीर्घिका संख्येने कितीही असल्या तरी त्यांचा एकत्र उजेड बेताचाच. दोघांनी मिळून आपल्याला एक गोष्ट शिकवली, की गणती करताना जाळ्याची भोकेही मोजायची.

मला हे वाचताना सारखी आमच्या विषयाची आठवण होत होती. इतिहासाची साधने म्हणून आम्ही शिलालेख, ताम्रपट, बखरी, सनदा शिकवतो. राजाचे नाव तिथे एका जागी दाट कोरलेले असते, ते दिसते. पण त्याच काळात गावोगाव लाखो माणसे शेते नांगरत होती, विहिरी खणत होती, जात्यावर ओव्या रचत होती. त्यांचा उजेड राजापेक्षा कमी होता असे नाही. तो पसरलेला होता. त्यांच्यासाठी वेगळे जाळे लागते. वि. का. राजवाडे दप्तरे शोधत गावोगाव हिंडले, पुढे ओव्या गोळा करणारे हिंडले, तेव्हा कुठे ती माणसे दिसायला लागली. पुराव्यात नाही म्हणजे नव्हतेच, असे वर्गात कोणी म्हटले की मी विचारत असे, पुरावा कोणी आणि कशासाठी जपला होता? डिस्नींचा प्रश्न यापेक्षा फार वेगळा नाही.

एक फरक मात्र आहे आणि तो मला टोचतो. जुनी दप्तरे वाळवीने खाल्ली, तसे आपण आता आकाश खातो आहोत. शहराचे आकाश चाळीसपट उजळले म्हणजे फिकट दीर्घिका तर गेल्याच, आकाशगंगाही गेली. माझ्या लहानपणी ती अंगणातून दिसायची. आज शहरातल्या मुलांना ती पुस्तकातच भेटते. म्हणून २०२४ च्या जानेवारीत आपल्या महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, ती बातमी वाचून बरे वाटले. वाघासारखाच काळोखही राखावा लागतो, हे कुणाला तरी सुचले.

पुष्कळ लांबले, आता थांबते. दिवाळीनंतरच्या अमावास्यांना देवयानी संध्याकाळी छान वर असते. तुमच्यापैकी कोणी पेंचला किंवा आपापल्या गावाकडे जाणार असाल तर दुर्बीण बरोबर न्या. आधी एम ३२ शोधा, मग एम ११०. दुसरी सापडायला किती वेळ लागला, ते मला जरूर कळवा.